कानातल्या आवाजाचा मागोवा

झोपेच्या आणि ध्यानाच्या बहुतेक ॲपमध्ये एक पाठ हमखास सापडतो. आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि कानातला आवाज सांगेल तसं लक्ष शरीरावरून फिरवायचं. कपाळ, जबडा, खांदे, पोट, गुडघे, तळपाय. कुठे ताण आहे, कुठे ऊब आहे, कुठे काहीच कळत नाही, ते नुसतं बघायचं. बदलायला जायचं नाही. आवाज बहुतेकदा इंग्रजी, अलीकडे हिंदी, क्वचित मराठी. ॲप अमेरिकेतलं, फार तर बंगळुरूचं. त्यामुळे नाशिकमध्ये बसून हे ऐकणाऱ्याला ही दूरदेशाहून आलेली नवी चीज वाटते. पण या पाठाचा माग काढत मागे गेलं की वाट अमेरिकेतून बोधगयेला, तिथून रंगूनला जाते. आणि रंगूनहूनच निघालेली दुसरी वाट थेट नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला येऊन थांबते.

सुरुवात रंगूनपासूनच करायला हवी, कारण ध्यान मठातून संसारी माणसाच्या घरात आलं ते त्या बाजूला. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाचा राजा गेला आणि त्याच्याबरोबर भिक्षुसंघाचा राजाश्रयही गेला. आता धर्म टिकायचा तर तो सामान्य माणसाच्या हाती द्यायला हवा, हे ज्यांनी ओळखलं त्यांत लेडी सयाडो हे मोठं नाव. ते गावोगाव फिरले, सोप्या भाषेत पुस्तकं लिहिली, गृहस्थांना ध्यान शिकवलं. त्यांचे शिष्य सया तै जी हे रंगूनजवळचे शेतकरी. आणि सया तै जींचे शिष्य ऊ बा खिन हे सरकारी हिशेबनीस. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते त्या देशाचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. त्यांनी स्वतःच्या कचेरीतल्या कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवायला सुरुवात केली आणि १९५२ साली रंगूनमध्ये ध्यानकेंद्र काढलं. आज आयटी कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी ॲपची वर्गणी कंपनी भरते. त्या प्रथेचा एक जुना पूर्वज रंगूनच्या महालेखापालांच्या कचेरीत सापडतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. तिथे साहेब स्वतः कारकुनांच्या शेजारी डोळे मिटून बसत होता.

त्याच काळात रंगून हे बौद्ध जगाचं केंद्र झालं होतं. १९५४ ते १९५६ या काळात तिथे सहावी धम्मसंगीती भरली. १९५४च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर रंगूनला गेले होते. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्यात १९३५ साली त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती आणि १९५६ साली नागपुरात ती पुरी केली. आंबेडकर आणि ऊ बा खिन यांच्या वाटा वेगळ्या होत्या, हेतूही वेगळे होते. पण आज इगतपुरीच्या शिबिरात मराठी बौद्ध घरांतले साधक मोठ्या संख्येने दिसतात, त्यामागे हा इतिहासही आहे.

१९५५ साली ऊ बा खिन यांच्या केंद्रात एक तरुण मारवाडी उद्योजक आला. सत्यनारायण गोएंका. जन्म १९२४चा, मंडालेचा. त्यांना भयंकर अर्धशिशी होती. दुखणं उठलं की डॉक्टर मॉर्फिनचं इंजेक्शन देत आणि आता त्या औषधाचंच व्यसन लागेल अशी भीती निर्माण झाली होती. स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपान, सगळीकडे दाखवून झालं होतं. पुढे काय झालं ते गोएंका स्वतः अनेकदा सांगत. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून आलो आहे, असं म्हटल्यावर ऊ बा खिन यांनी त्यांना घेणं नाकारलं. शरीराच्या आजारावर इलाज म्हणून ही विद्या देणं म्हणजे तिचं मोल कमी करणं, असं त्यांचं म्हणणं होतं. मनाच्या शुद्धीसाठी ये. त्यातून डोकं दुखायचं थांबलं तर ती वरकड प्राप्ती.

हा प्रसंग मी इतक्या सविस्तर लिहितो त्याला कारण आहे. आजच्या ॲपच्या पहिल्याच पडद्यावर विचारतात की, तुम्हाला काय हवंय? चांगली झोप, कमी ताण, जास्त एकाग्रता? पर्याय निवडा. रंगूनच्या दारात नेमकं तेच उत्तर देणाऱ्याला परत पाठवलं जात होतं. गोएंका काही महिन्यांनी पुन्हा गेले, शिबिराला बसले, अर्धशिशीही गेली. ध्यान हा इलाज आहे की आणखी काही, हा वाद ॲपने काढलेला नाही. तो त्या दारातच सुरू झाला होता आणि तो मिटलेलाही नाही.

पुढे ब्रह्मदेशात लष्करी राजवट आली, गोएंकांचे उद्योग सरकारजमा झाले. १९६९ साली त्यांना भारतात येण्याची परवानगी मिळाली आणि त्या जुलैत मुंबईतल्या एका धर्मशाळेत त्यांनी विपश्यनेचं पहिलं दहा दिवसांचं शिबिर घेतलं. चौदा माणसं होती, त्यांत त्यांचे आईवडीलही.

त्याच १९६९ सालातली मुंबईची आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. ती सहसा कुणी सांगत नाही. के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं आणि त्याचे निष्कर्ष ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. रुग्णाने उताणं पडायचं आणि नाकपुडीशी आत येणाऱ्या हवेचा गारवा, बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब जाणत राहायचं. काहींचा रक्तदाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. हार्वर्डच्या हर्बर्ट बेन्सन यांचं ‘रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे गाजलेलं पुस्तक त्यानंतर सहा वर्षांनी आलं. दात्यांचं नाव मात्र आपल्याकडेही फारसं घेतलं जात नाही, आणि ते घेतलं जायला हवं.

आता इगतपुरी. कसारा घाट चढून गाडी वर आली की डाव्या हाताला डोंगरपायथ्याशी धम्मगिरी या गोएंकांच्या विपश्यना केंद्राचा सोनेरी पॅगोडा दिसतो. इथे १९७६पासून शिबिरं चालू आहेत. पॅगोड्यात चारशेवर शून्यागार आहेत, म्हणजे एकट्याने बसायच्या छोट्या कोठड्या. पहाटे चारला घंटा. साडेचारला ध्यान सुरू. अकराला जेवण. नव्या साधकाला संध्याकाळी पाचला चहा आणि फळं, त्यानंतर काही नाही. सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन. वाचायचं नाही, लिहायचं नाही. फोन प्रवेशाच्या वेळीच जमा. सुरुवातीचे साडेतीन दिवस फक्त श्वास, तोही नाकाच्या टोकाशी. चौथ्या दिवशी डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत लक्ष फिरवायला शिकवतात. वर सांगितलेला ॲपमधला पाठ तो हाच. फक्त तिथे तो पंधरा मिनिटांत उरकतो आणि इथे त्याच्यासाठी साडेतीन दिवस नुसतं नाकाशी बसावं लागतं.

आणि हे शिकवतं कोण? इथे या मागोव्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वळण आहे. साधकांची संख्या वाढली, एक माणूस पुरेना, तेव्हा १९८२च्या सुमारास गोएंकांनी सहायक आचार्य नेमायला सुरुवात केली. पण शिकवायचं काम त्यांच्याकडे दिलं नाही. शिबिर चालायचं गोएंकांच्या ध्वनिमुद्रित आवाजावर. सूचना कॅसेटवरून, प्रवचन कॅसेटवरून, पुढे व्हिडिओवरून. सहायक आचार्य समोर आसनावर बसतात, यंत्र सुरू करतात, बंद करतात, दुपारी साधकाच्या शंका ऐकतात. ज्या भाषेत लागेल त्या भाषेतला अनुवाद त्या आवाजाच्या पाठोपाठ वाजतो, मराठीही त्यांत आहे. २९ सप्टेंबर २०१३ रोजी मुंबईत गोएंकांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे जगभरातल्या केंद्रांत तोच आवाज वाजला आणि अजून वाजतो आहे.

त्यामुळे ॲपवर एक आक्षेप सर्रास घेतला जातो, गुरूशिवाय यंत्रावरून ध्यान कसं शिकता येईल हा, तो मला पटत नाही. आपल्याच जिल्ह्यात चाळीसेक वर्षं ते शिकवलं जातं आहे. आवाज शरीरापासून सुटला तो स्मार्टफोनच्या कितीतरी आधी. आर्ट ऑफ लिव्हिंगमध्येही सामूहिक क्रिया श्री श्री रविशंकरांच्या ध्वनिफितीवर होते. फीत खोटी आणि माणूस खरा, अशी वाटणी करून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

अमेरिकेकडे गेलेली वाट अशी. १९७१च्या जानेवारीत बोधगयेला गोएंकांचं शिबिर झालं. तिथे अमेरिकेतून आलेली शेरॉन साल्झबर्ग नावाची तरुण मुलगी होती. तिचं ते पहिलंच शिबिर. तिने जोसेफ गोल्डस्टीन यांच्यासह १९७०च्या दशकाच्या मध्यावर मॅसॅच्युसेट्समध्ये ध्यानसंस्था उभी केली. गोल्डस्टीन यांचा आवाज पुढे ‘टेन पर्सेंट हॅपियर’ या ॲपमध्ये आला. ऊ बा खिन यांनी शिकवायला अधिकार दिलेले रॉबर्ट होव्हर नावाचे एक अमेरिकन होते. त्यांच्या शिबिरात जॉन कबाट-झिन हे जीवशास्त्रज्ञ बसले आणि शरीरावरून लक्ष फिरवायची रीत तिथून घेऊन १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. रुग्णाला घरी सरावासाठी कॅसेट द्यायची. बुद्धाचं नाव नाही, पुनर्जन्म नाही. रंगूनच्या दारात परत पाठवलेला माणूस इथे नेमका हवा होता.

१९७९ हे साल लक्षात ठेवावं. त्याच वर्षी जुलैत सोनीने वॉकमन बाजारात आणला आणि ऐकणं ही एकट्याची गोष्ट झाली. त्याआधी रात्रीचा आवाज घरभर असायचा: आकाशवाणीवरची ‘आपली आवड’, विविध भारतीवर अकरा वाजताचं ‘बेला के फूल’. एकाला झोप लागेपर्यंत सगळं घर तेच ऐकायचं. आणि त्याच जुलैत गोएंका फ्रान्सला गेले. भारत-ब्रह्मदेशाबाहेरचं त्यांचं ते पहिलं शिबिर. रुग्णालय, कानातलं यंत्र आणि परदेशी साधक हे तिन्ही एका वर्षात आले. पुढे जे झालं त्याचे सगळे भाग तेव्हाच तयार होते.

पुढचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. २०१०ला लंडनमध्ये ‘हेडस्पेस’, २०१२ला ‘काम’ (Calm), त्याच सुमारास इतर अनेक. ‘हेडस्पेस’चे अँडी पुडिकोम हे तिबेटी परंपरेत भिक्षू होते, म्हणजे सगळी झाडं एकाच बुंध्याची नाहीत. २०१६ साली ‘काम’ने मोठ्यांसाठी झोपेच्या गोष्टी आणल्या आणि सप्टेंबरात आपल्याकडे जिओ आलं. डेटा स्वस्त झाला, हे आवाज सिन्नर-निफाडपर्यंत पोचले.

मग ॲपने बदललं काय? माझ्या मते, खर्च कोण करतं हे बदललं. आणि ते कळायला इगतपुरीहून मागे, नाशिक शहराकडे यावं लागतं.

मुंबई महामार्गावर शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगर आहे. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. २४ लेणी आहेत, बरीचशी भिक्षूंची राहायची जागा. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात मोठ्या दालनाच्या तिन्ही बाजूंना खोल्या कोरल्या आहेत. खोली म्हणजे आत एका माणसापुरती जागा आणि निजायला दगडी ओटा. ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांत एक लेख आहे, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा. बहुतेक लोक खांबांचे फोटो काढून परततात. लेख वाचत नाहीत, आणि तो तर जमाखर्चाचा कागद आहे.

उषवदाताने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून दिले. संघाच्या हातात नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनांकडे, गुंतवले. गोवर्धन म्हणजे आजच्या गंगापूरजवळचं गाव. २००० एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब काडीचाही चुकत नाही. शेवटी लिहिलं आहे की हे सगळं नगरसभेत जाहीर केलं आणि रीतीप्रमाणे नोंदवलं.

इथल्या खोलीत डोळे मिटून बसलेल्या भिक्षूचं कापड विणकरांच्या मागावर निघत होतं. पण त्या विणकराचं भिक्षूकडून काही येणं नव्हतं. भिक्षू चार तास बसला की दहा मिनिटं, लेण्यात पुन्हा आला की नाही, यावर व्याज कमी-जास्त होत नव्हतं. ठेव भिक्षूच्या मनावर नव्हती, कापडाच्या धंद्यावर होती.

इगतपुरीची रीत वेगळी, पण या मुद्द्यावर तिच्या जवळची आहे. शिबिराला, राहण्या-जेवणाला फी नाही. आचार्यांना मानधन नाही. आणि ज्याने एकही दहा दिवसांचं शिबिर पुरं केलेलं नाही त्याच्याकडून दान घेतच नाहीत. अखेरीस कुणाला द्यावंसं वाटलं तर तो देतो ते पुढच्या अनोळखी माणसासाठी. त्याचं स्वतःचं जेवण आधीच कुणीतरी भरलेलं असतं. या रीतीचे तोटेही आहेत. दहा दिवस रजा काढू शकेल तोच येतो. घरकाम करणारी बाई, दूधवाला, द्राक्षाच्या हंगामातला शेतकरी यांना ते शक्य नाही. राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी रजेची सोय केली, तिचा लाभ कर्मचाऱ्यालाच. ॲपची बाजू इथे खरोखर भक्कम आहे. ते रात्री दोन वाजता, गोठ्यात, बसमध्ये, कुठेही चालतं आणि दहा मिनिटं मागतं. ज्याला दहा मिनिटंच आहेत त्याला दहा दिवसांची महती सांगण्यात अर्थ नाही.

पण ॲपचा खर्च निघतो वर्गणीतून आणि वर्गणी टिकते माणूस रोज परत आला तरच. म्हणून सलग किती दिवस बसलात याची मोजणी, एक दिवस चुकला की आठवण, रात्री नऊला नोटिफिकेशन. मन शांत होऊन माणसाला ॲपची गरजच उरली नाही, तर साधक म्हणून तो यशस्वी झाला आणि ग्राहक म्हणून कंपनीच्या हातून गेला. उषवदाताच्या वहीत हा पेच नव्हता. इतकं करूनही माणसं टिकत नाहीत, हे वेगळंच. २०१९ साली मानसिक आरोग्याच्या ९३ अँड्रॉइड ॲपचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या मधल्या ॲपची स्थिती अशी की, ते घेतलेल्यांपैकी तीस दिवसांनी जेमतेम ३.३ टक्के लोक ते उघडत होते. मग वर्गणीने भागत नाही तेव्हा आणखी एक वाट उरते, माणसाने सांगितलेली मनाची माहिती. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या समुपदेशनाच्या ऑनलाइन सेवेने ग्राहकांची अशी माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ साली ७८ लाख डॉलर भरायला लावले. लेण्यातल्या भिंतीवर हिशेब उघडा कोरलेला आहे. फोनमधला हिशेब आपण ‘मान्य’ दाबून न वाचताच पुढे सरकवतो.

आणखी एक गोष्ट वाटेत गळली, तिची मला जास्त काळजी वाटते. इगतपुरीच्या अर्जात मानसिक आजार, चालू औषधं यांची स्पष्ट विचारणा असते आणि गंभीर आजार असेल तर प्रवेश नाकारतात. दहा दिवस मौनात स्वतःच्या आत बघणं सगळ्यांना झेपत नाही, काहींना ते घातक ठरतं, हे तिथल्या लोकांना अनुभवाने ठाऊक आहे. समोर आचार्य बसलेला असतो. साधकाचा चेहरा बदलला तर त्याला दिसतो. रंगूनचं दार हेतू विचारून अडवत होतं, इगतपुरीचं दार प्रकृती विचारून. फोनला असं दार नाही. नैराश्याने ग्रासलेल्या मुलीला आणि फक्त उद्याच्या परीक्षेने जागलेल्या मुलीला तो एकच पाठ, एकाच मायेच्या सुरात वाजवतो.

विपश्यना केंद्रांनीही फोन पूर्ण टाळलेला नाही. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदीत शिबिरं बंद पडली तेव्हा जुन्या साधकांना ‘धम्म डॉट ऑर्ग’च्या ॲपचा आधार होता. आजही त्यावर आनापानाचा, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा, छोटा पाठ कुणालाही फुकट ऐकता येतो. राज्याच्या शाळांत ‘मित्र उपक्रम’ म्हणून मुलांना शिकवतात तो याच प्रकारचा. दहा दिवसांचं शिबिर मात्र त्यांनी ॲपवर ठेवलेलं नाही. माझ्या मते त्यांनी बरोबर ठिकाणी रेघ ओढली आहे. श्वासाचा पाठ फोनवर द्यावा. चौथ्या दिवसापासूनचा पाठ देताना समोर माणूस हवा.

खर्चाच्या वहीत अलीकडे आणखी एक नाव आलं आहे, सरकारचं. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलिमानस’ ही मनःस्वास्थ्याची दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही. तिथे मुद्रित आवाज ऐकवून काम संपत नाही, समुपदेशक बोलतो, विचारतो, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. दोन वर्षांनी तिचं ॲपही आलं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिकमध्ये एकही नाही. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावर झोप उडालेल्या माणसाला ठाणं गाठायला दिवस मोडतो. त्याच्या फोनमध्ये ध्यानाचं ॲप असो वा नसो, हे पाच आकडे असायला हवेत, आणि ते आशाताईंपासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत सगळ्यांनी त्याला सांगायला हवेत.